चिनी शाळेंतले इंग्रजी पंतोजी

गेल्या महिन्यांत कऱ्हाडकडील एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांची पुतणी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाली असून दोन वर्षें एका शाळेंत शिकवीत आहे. चीनमधील एका शहरांत, तेथल्या बालवाडींत इंग्रजी शिकविण्याची जागा मिळवून देतों, असें तिला एका दलालानें सांगितलें आहे. पगार इकडच्या तिप्पट, राहावयास जागा फुकट. यावरून घरांत दोन तट पडले आहेत. थोरले दीर, म्हणजे मुलीचे वडील, म्हणतात कीं जावें, सासूबाईंना चीनचें नुसतें नांव ऐकूनच धडकी भरते, आणि धाकट्या जाऊबाईंनीं तर “तिकडे पोर खाईल काय?” एवढ्या एका प्रश्नानें सर्वांस निरुत्तर केलें आहे. पत्राच्या शेवटीं सहज म्हणून एक वाक्य लिहिलें आहे, आणि तें वाचूनच आम्हीं हा विषय आज हातीं घेतला. दलाल म्हणतो, “प्रथम व्यापारी व्हिसावर जा, मग तेथें गेल्यावर पाहूं.” या वाक्याकडे आम्ही येऊंच. परंतु ज्या धंद्यांत मुलीस घालावयाचें, त्याचें कूळशील आधीं पाहिलेलें बरें.

चीनमध्यें इंग्रजी पंतोजीचा धंदा आजकालचा नव्हे. दुसऱ्या अफूच्या युद्धांत पराभव झाल्यावर, परक्यांशीं तह करावयाचे तर त्यांची भाषा जाणणारीं आपलीं माणसें हवींत, हें पेकिंगच्या दरबारास उमगलें. आणि १८६२ सालीं दुभाषे तयार करणारी 'थोंगवेन ग्वान' नांवाची शाळा निघाली. तिचा पहिला इंग्रजी मास्तर एक मिशनरी होता. वर्गांत धर्मोपदेश करावयाचा नाहीं, या अटीवर त्यास ठेवलें होतें. आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणण्याचा प्रघात पडला. तें दूध एकदां सुरू झालें तें आजतागायत आटलेलें नाहीं. चीनमध्यें मात्र तेंच दूध कधीं अमृत म्हणून पाजलें गेलें, कधीं विष म्हणून ओतून दिलें गेलें; आणि दोन्ही वेळां भांडें हातांत धरून पंतोजी तेथेंच बसलेला होता.

१९३७ सालीं जपान्यांनीं चीनवर स्वारी केली, त्याच सुमारास विल्यम एम्प्सन हा इंग्रज कवि व टीकाकार पेकिंगच्या विद्यापीठांत शिकवावयास आला. तो पाहतो तों विद्यापीठच गांव सोडून निघालेलें! पेकिंग व तिएन्त्सिन येथील तीन विद्यापीठें एकत्र होऊन आधीं हुनान प्रांतांत आणि मग पार नैर्ऋत्येस युन्नान प्रांतांत गेलीं. कांहीं विद्यार्थी व अध्यापक तर ही वाट पायीं चालले. एम्प्सननें या फिरत्या विद्यापीठाची साथ सोडली नाहीं. ग्रंथालय मागें राहिलेलें, हाताशीं पुस्तकें नाहींत. तेव्हां हा गृहस्थ आठवतील तितक्या इंग्रजी कविता स्मरणानें लिहून काढी आणि त्यांवर शिकवी. वेदपाठशाळा पाहिलेल्या आपल्या वडील पिढीस यांत नवल वाटणार नाहीं. केंब्रिजच्या पदवीधराकडून मात्र ही अपेक्षा कोणी केली नसेल.

याहून विलक्षण कथा क्रुक पतिपत्नींची. इझाबेलबाईंचा जन्म १९१५ सालीं चेंगडू शहरीं एका कॅनेडियन मिशनरी कुटुंबांत झाला. पति डेव्हिड हे इंग्रज, कट्टर साम्यवादी. १९४८ मध्यें कम्युनिस्टांनीं खेड्यांत चालविलेल्या एका परराष्ट्रभाषेच्या शाळेंत हीं दोघें इंग्रजी शिकवूं लागलीं. त्याच शाळेचें पुढें पेकिंगमध्यें परकीय भाषांचें विद्यापीठ झालें. १९५० नंतर देशांत रशियन भाषेचा बोलबाला झाला आणि इंग्रजी मागें पडली. तरी हीं दोघें शिकवीतच राहिलीं. मग सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. परक्या भाषेचें पुस्तक घरांत सांपडणें हेंही संकट होऊन बसलें. १९६७ मध्यें डेव्हिड यांस हेर ठरवून तुरुंगांत टाकलें. इझाबेलबाईंनाही विद्यालयाच्या आवारांत अडकवून ठेवलें. डेव्हिड १९७३ मध्यें सुटले. आतां कोणीही सामान्य मनुष्य पहिल्या बोटीनें मायदेशीं परतला असता. हीं दोघें परतलीं नाहींत; पुन्हां वर्गावर उभीं राहिलीं. २०१९ मध्यें चिनी सरकारनें इझाबेलबाईंस मैत्रीपदक अर्पण केलें, आणि २०२३ सालीं वयाच्या १०७ व्या वर्षीं त्या पेकिंगमध्येंच वारल्या. एवढी निष्ठा योग्य कीं अयोग्य, यावर आमच्या घरींच दोन मतें आहेत. वाचकांनीं आपलें तिसरें बनवावें.

पुढें वारें फिरलें. १९७७ सालीं विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा पुन्हां सुरू झाली. १९८२ मध्यें बी. बी. सी.ची 'फॉलो मी' ही पाठमाला चिनी दूरचित्रवाणीवर दिसूं लागली, आणि तिची निवेदिका कॅथी फ्लॉवर घरोघरची मास्तरीण झाली. २००१ मध्यें प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवावी, असें सरकारनें ठरविलें. आज विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेंत साधारणतः ७५० गुणांपैकीं १५० परकीय भाषेचे असतात, आणि ती परकीय भाषा बहुतेकांची इंग्रजीच. २०२५ सालीं या परीक्षेसाठीं १ कोटी ३३ लाखांहून अधिक मुलांनीं नांवें नोंदविलीं. तेथील आईबापांची झोप कां उडत असेल, हें ज्यांच्या घरीं बारावीचें वर्ष होऊन गेलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

अशा देशांत परका पंतोजी वर्गांत शिरतो तेव्हां समोर चाळीस-पन्नास मुलें ओळीनें बसलेलीं असतात. व्याकरण त्याच्याहून त्यांचेंच पक्कें असण्याचा संभव. शब्दांच्या याद्या तर त्यांनीं पहांटे उठून घोकलेल्या. आणि तरी, “आज सकाळीं काय खाल्लेंस?” असें इंग्रजींत विचारलें कीं सारा वर्ग चिडीचूप! या व्याधीस चिनी लोकांनींच 'मुकी इंग्रजी' असें नांव ठेवलें आहे. चार लोकांत चुकलों तर हंसें होईल, ही भीति जिभेवर बसलेली असते. ही भीति मोडण्यासाठीं ली यांग नांवाच्या गृहस्थानें १९९० नंतरच्या काळांत मोठमोठ्या मैदानांत हजारों माणसें जमवून त्यांच्याकडून इंग्रजी वाक्यें बेंबीच्या देंठापासून ओरडून घेण्याचा सपाटा लावला. हा उपाय शेतांतलीं पाखरें उडविण्यास अधिक बरा, असें आम्हांस वाटतें; परंतु त्यानें कित्येकांची भीड चेपली, हेंही नाकारतां यावयाचें नाहीं.

भाषेच्या घडणींतही मौज आहे. चिनी भाषेंत 'तो' आणि 'ती' यांचा उच्चार एकच, 'था'. लिहितांना चिन्हें निराळीं, बोलतांना भेद नाहीं. त्यामुळें चांगला शिकलेला चिनी विद्यार्थीही इंग्रजी बोलतांना आपल्या आईस 'तो' करून टाकतो. क्रियापदास काळाचे प्रत्यय नाहींत, म्हणून 'काल मी जातों' अशा थाटाचीं वाक्यें पदोपदीं येतात. आणि इंग्रजींतील तीं दोन कुप्रसिद्ध उपपदें तर तेथें मुळींच नाहींत. तीं मराठींतही नाहींत, हें येथें ध्यानांत घ्यावें. ज्यानें लहानपणीं त्या उपपदांपायीं छड्या खाल्ल्या, तो मराठी शिक्षक चिनी मुलाची अडचण झटकन् ओळखील. लंडनमध्यें जन्मलेल्या तरुणास तीं कोठें घालावीं हें कळतें, पण कां तें सांगतां येत नाहीं.

उलट, चिनी शिकण्यांतही मराठी माणूस अगदींच लंगडा नाहीं. आपण 'चमचा' आणि 'चिमणी' यांतले दोन 'च' निराळे उच्चारतों; चिनींतही ते दोन निराळे आहेत, आणि त्यांपायीं इंग्रज बिचारे वर्षानुवर्षें अडखळतात. प आणि फ, त आणि थ हा भेद तर आपल्या हाडींमासीं खिळलेला. ज्यास वर्तमानपत्रें 'बीजिंग' छापतात, त्याचा खरा उच्चार आपल्या 'पेइचिंग'च्या जवळ जातो. खरी परीक्षा स्वरांच्या चढउतारांची. 'मा' हाच शब्द एका स्वरांत आई, दुसऱ्यांत ताग, तिसऱ्यांत घोडा आणि चौथ्यांत शिवी देणें! तरी हें अशक्य नाहीं. १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर गेलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांनीं ती भाषा आत्मसात करून तींत विद्यार्थ्यांस वैद्यक शिकविलें होतें.

मान मात्र शिक्षकास तेथें पोटभर मिळतो. आडनांवापुढें 'लाओशी' लावूनच त्याला हांक मारतात. १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षकदिन पाळला जातो. अमेरिकन लेखक पीटर हेस्लर हा १९९६ पासून दोन वर्षें यांगत्सी नदीकांठच्या फूलिंग गांवीं, भावी शिक्षक घडविणाऱ्या कॉलेजांत शिकवीत होता. विद्यार्थी बहुतेक खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें. त्या अनुभवावरील त्याचें 'रिव्हर टाउन' हें पुस्तक २००१ मध्यें निघालें; ज्यांस या विषयाची गोडी आहे त्यांनीं तें मिळवून वाचावें. हाच गृहस्थ २०१९ मध्यें सहकुटुंब चेंगडूस पुन्हां शिकवावयास गेला, पण दोन वर्षांनीं त्याचा करार पुढें चालविला गेला नाहीं. ज्या पीस कोअर संस्थेनें त्यास प्रथम धाडलें, तिनेंही १९९३ पासून चालविलेलें काम २०२० मध्यें आवरलें.

आतां अलीकडच्या भूकंपाकडे वळूं, कारण आमच्या पत्रलेखिका भगिनींचा प्रश्न थेट त्याच्या भेगेवर उभा आहे. २४ जुलै २०२१ रोजीं चिनी सरकारचें एक फर्मान जाहीर झालें. शाळकरी मुलांवरचें गृहपाठाचें आणि खासगी शिकवण्यांचें असें दुहेरी ओझें कमी करावयाचें, हा त्याचा हेतु. शालेय विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठीं चालवूं नयेत. शनिवार-रविवारीं व सुटींत त्या घेऊं नयेत. देशाबाहेर बसलेल्या परक्या शिक्षकांस त्या कामीं लावूं नये. आणि शाळेंत न जाणाऱ्या बाळांना तर परकीय भाषेची शिकवणी मुळींच देऊं नये. मुलांना खेळावयास वेळ मिळावा आणि आईबापांचा पैसा वांचावा, हें कोणास नको आहे? पण परीक्षा होती तशीच राहिली. तहान तशीच ठेवून पाणपोई बंद केली तर माणूस दुसऱ्याच्या विहिरीवर जाणारच. थोड्याच दिवसांत शिकवणीवाले 'घरकामाची बाई' या नांवाखालीं श्रीमंतांच्या घरीं राहूं लागले, आणि सरकारास त्याविरुद्ध निराळा हुकूम काढावा लागला.

या फर्मानाचा तडाखा कसा बसला तो पाहा. २०१३ मध्यें निघालेल्या व्हीआयपीकिड या कंपनीमार्फत अमेरिकेंतील हजारों शिक्षिका पहांटे उठून संगणकासमोर बसत आणि चिनी बालकांस शिकवीत. तो व्यवहार एका महिन्यांत मोडला. १९९३ मध्यें यू मिनहोंग यांनीं काढलेली न्यू ओरिएंटल ही तर देशांतील सर्वांत नांवाजलेली शिकवणी-पेढी. तिनें ६०,००० माणसें कमी केलीं, आणि रिकाम्या झालेल्या वर्गांतलीं सुमारें ८०,००० मेजें व खुर्च्या खेड्यांतील शाळांस देऊन टाकलीं. मग पोट कसें भरावें? पेढीनें संगणकाच्या पडद्यावरून शेतमाल विकण्यास आरंभ केला. तेथें डोंग युहुई नांवाचा तिचाच एक इंग्रजी मास्तर तांदूळ, मका आणि मांसाचे तुकडे विकतां विकतां फळ्यावर त्यांचीं इंग्रजी नांवें लिहून समजावूं लागला, मध्येंच कविता म्हणूं लागला. जून २०२२ मध्यें तो एकाएकीं देशभर प्रसिद्ध झाला. लोक धडा ऐकावयास येत आणि तांदूळ घेऊन जात. आपल्याकडील कित्येक प्राध्यापकांना ही युक्ति सुचवावी असें मनांत येतें, पण तें असो.

शिवाय मुलेंच कमी होत चाललीं आहेत. २०१६ सालीं चीनमध्यें १ कोटी ७८ लाखांहून अधिक बालकें जन्मलीं. २०२३ मध्यें ती संख्या ९० लाखांवर आली. त्या एका वर्षांत बालवाड्यांची संख्या १४,००० हून अधिक घटली. आमच्या भगिनींच्या पुतणीस जी जागा दाखविली आहे ती बालवाडींतली, हें येथें विसरूं नये.

आतां दलालाचें तें वाक्य. आम्ही स्पष्टच लिहितों: हें ऐकूं नये. चीनमध्यें नोकरी करण्यास 'झेड' वर्गाचा व्हिसा, त्यानंतर कामाचा परवाना आणि रहिवासाचा परवाना हीं तिन्ही लागतात. व्यापारी किंवा प्रवासी व्हिसावर शिकविणें हा तेथें गुन्हा आहे. १ जुलै २०१३ पासून अमलांत असलेल्या कायद्यानें त्यास ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असल्यास ५ ते १५ दिवस अटक, आणि वर हद्दपारीही होऊं शकते. ज्या बालवाडीनें ठेवून घेतलें तिलाही दंड होतो, म्हणून धाड पडतांच ती मुलीस ओळखही दाखविणार नाहीं. दलाल तर इकडेच राहिलेला.

आणि 'नंतर पाहूं' म्हणजे काय पाहणार? परकीय भाषेच्या शिक्षकानें आपली मातृभाषाच शिकवावी, असा तेथील परवान्याचा सर्वसाधारण दंडक आहे. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा शिक्षणशास्त्राचें प्रमाणपत्र, हें त्यावर आणखी. इंग्रजीपुरतें पाहतां ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांचे नागरिक या दंडकांत बसतात. भारताची त्यांत गणना होत नाहीं. आमच्या मतें हा दंडक अडाणीपणाचा आहे. भाषा जन्मानें मिळालेल्यापेक्षां ती कष्टानें शिकलेला मनुष्य अनेकदां अधिक चांगला शिकवितो. वर उपपदांची गोष्ट सांगितली ती उगीच नव्हे. त्यांतही पुष्कळ ठिकाणीं जन्मभाषेपेक्षां कातडीचा रंग पाहिला जातो. गोरा मास्तर पाहिजे, अशा जाहिराती तेथें उघड लागत आल्या आहेत. हें सर्व खेदाचें खरें. पण दंडक अडाणी असला म्हणून तो मोडल्याचा दंड चुकत नाहीं, आणि तो भरावयास मुलगी एकटी असणार.

मग हिंदी मनुष्यास वाट नाहींच काय? आहे, पण निराळी. गणित, विज्ञान, अर्थशास्त्र असे विषय इंग्रजीतून शिकविणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांत विषयशिक्षक म्हणून परवाना मिळूं शकतो. पेकिंग विद्यापीठांत हिंदी भाषेचा जुना विभाग आहे. पुढील शिक्षणासाठीं विद्यार्थी म्हणून जाणें हाही राजमार्ग आहे. कागदपत्रांचा जाच मात्र आहेच. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टील करारांत आला खरा, पण भारत आणि चीन यांच्यामध्यें तो करार लागू झाला नाहीं, त्यामुळें आपल्या परराष्ट्र खात्याच्या एका शिक्क्यावर पदवीचा कागद तेथें चालत नाहीं. वकिलातीच्या फेऱ्या चुकलेल्या नाहींत. वाट कोणतीही असो, करार दोन्ही भाषांत घ्यावा आणि चिनी मजकूर तटस्थ माणसाकडून वाचवून घ्यावा, कारण वाद पडल्यास बहुधा तोच प्रमाण मानतात. पारपत्र मालकाच्या कपाटांत ठेवूं देऊं नये. उतरल्यापासून २४ तासांच्या आंत पोलिसांत नोंद करावी. हॉटेलांत उतरल्यास तें काम हॉटेलवाला करतो.

जाऊबाईंच्या प्रश्नास उत्तर देणें सोपें आहे. शाकाहारास चिनींत 'सू' असा एकाक्षरी शब्द आहे, आणि बौद्ध मंदिरांजवळ 'सू' भोजनगृहें सांपडतात. त्यांच्या कडक पाकांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हां चातुर्मास पाळणाऱ्या आजींचीही तेथें अडचण होऊं नये. इतरत्र मात्र जपावें. भाजीचा रस्सा हाडांच्या पाण्यांत शिजविलेला, किंवा ती डुकराच्या चरबींत परतलेली असूं शकते. 'मांस नको' एवढें सांगून भागत नाहीं. भात, टोफू, नाना प्रकारच्या पालेभाज्या आणि स्वतःची शेगडी, यांवर कित्येक जणांनीं वर्षें काढलीं आहेत.

राहिली एक गोष्ट, जी दलाल सांगत नाहीं आणि घरांतही निघाल्यावरच आठवते. आपल्या घराघरांतलें व्हॉट्सॲप चीनमध्यें बंद आहे, गूगलचें टपालही तसेंच. तेथें सर्व व्यवहार वीचॅटवर चालतो, आणि वीचॅटवर आपल्या सरकारनें जून २०२० मध्यें बंदी घातली. म्हणजे मुलीकडे जें चालतें तें आजीकडे नाहीं, आणि आजीकडे जें चालतें तें मुलीकडे नाहीं. थेट विमानें ऑक्टोबर २०२५ मध्यें पुन्हां सुरू झालीं हें खरें, पण खुशालीसाठीं कोणी विमानानें जात नाहीं. यास्तव जो कोणी जाईल त्यानें दोन्हीकडे चालेल असा ई-मेलचा पत्ता निघण्यापूर्वींच घ्यावा, आणि आठवड्यांतून एकदां साध्या फोनची वेळ बांधून ठेवावी. तेथील घड्याळ आपल्या अडीच तास पुढें असतें. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजून पानें वाढलीं जातात, तेव्हां तिकडे अकरा झालेले असतात.